शिमला पायी बघायचंय? मग आधी किलोमीटर विसरा

विचारणारीचा प्रश्न थोडक्यात असा: मे अखेरीस चौघं निघालेत, नवरा-बायको आणि पासष्टीच्या पुढचे सासू-सासरे. शिमल्यात पूर्ण दोन दिवस आहेत. टूरवाल्याने त्यात कुफ्री, नालदेहरा ही शिमल्याजवळची ठिकाणं आणि "मॉल रोड शॉपिंग" असं ठासून भरलंय, आणि यांना त्याऐवजी जुनं शहर पायी बघायचंय. सासऱ्यांचा एक गुडघा कुरकुरतो. जमेल का?

जमेल. आरामात जमेल, फक्त क्रम उलटा लावायला लागेल. मी बरीच वर्षं शिमल्यात छोटे ग्रुप पायी फिरवते, त्यात पुण्या-नाशिकची मंडळीच जास्त, आणि या वयाच्या लोकांना घेऊनच मी सगळ्यात जास्त फिरलेय, त्यामुळे सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, शिमल्यात "किती किलोमीटर" हा प्रश्न विचारायचाच नाही, "किती वर आणि किती खाली" हा विचारायचा. शहर एका डोंगराच्या धारेवर बसलंय, साधारण २२०० मीटरवर, आणि त्याचे मुख्य रस्ते एकाच उतारावर एकाखाली एक असे आडवे गेलेत. सगळ्यात वर रिज, मग मॉल, मग मिडल बाजार, लोअर बाजार आणि तळाला गाड्यांचा कार्ट रोड. एक लांबलचक चाळ डोंगराला टेकवून ठेवल्यासारखं आहे ते, आडवे रस्ते म्हणजे गॅलऱ्या आणि मधल्या पायऱ्या म्हणजे जिने. गॅलरीतून कितीही चाला, दमायला होत नाही. दमवतात ते जिने. गूगल मॅप दोनशे मीटर दाखवतो आणि ते दोनशे मीटर म्हणजे सरळ उभ्या पायऱ्या निघतात, मग लोक भर रस्त्यात बसकण मारतात आणि "शिमला आपल्याला झेपत नाही" असं ठरवून टॅक्सी करतात.

म्हणून हॉटेल बुक करताना "मॉलपासून पाच मिनिटं" या वाक्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. फोन करून तीनच गोष्टी विचारा: हॉटेल कुठल्या रस्त्यावर आहे, मॉलच्या वर आहे की खाली, आणि मध्ये पायऱ्या किती. उत्तर गुळमुळीत आलं की समजून जायचं. मॉल आणि रिजवर टुरिस्ट गाड्या येत नाहीत, सामान कार्ट रोडवर उतरवायला लागतं, तिथून वर न्यायला हमाल असतात, बहुतेक काश्मीरहून आलेले, गावात सगळे त्यांना "खान" म्हणतात. पैसे आधी ठरवा आणि ठरल्यावर घासाघीस करू नका. ती माणसं पाठीवर दोरी टाकून अख्खा फ्रिज घेऊन त्या पायऱ्या चढतात. मागून "साइड, साइड" असा आवाज आला की भिंतीला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला सरकायचं नाही, कारण ओझ्याखाली मान वाकलेली असते आणि त्याला तुमच्या पायांपलीकडे काही दिसत नसतं.

गाड्यांची ही बंदी काही पर्यावरणाच्या नव्या फॅशनमधून आलेली नाही. इंग्रजांच्या काळात मॉलवर बग्गी नेण्याचा मान फक्त तिघांना होता, व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर. बाकीचे साहेबसुद्धा घोड्यावर, पायी किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षात. आता २००७ च्या कायद्याने कुठले रस्ते बंद आणि कुठल्यांना परमिट ते ठरवलंय. ज्येष्ठांसाठी एचआरटीसीच्या, म्हणजे हिमाचलच्या एसटीच्या, "राइड विथ प्राइड" नावाच्या छोट्या टॅक्सी यातल्या काही रस्त्यांवर धावतात. सासऱ्यांसाठी हे नाव लक्षात ठेवा. गाडी वेळेवर मिळेलच असं नाही, पण मिळाली तर एक अख्खा चढ वाचतो.

आता पहिला दिवस. सगळे लोक रिजवरून सुरुवात करतात आणि व्हाइसरीगल लॉजपर्यंत, म्हणजे व्हाइसरॉयच्या जुन्या निवासस्थानापर्यंत, पोचेपर्यंत गळतात. तुम्ही सकाळी टॅक्सीने सरळ लॉज गाठा आणि तिथून पूर्वेकडे रिजपर्यंत चालत या. चारेक किलोमीटर आहे, आधी चौडा मैदानापर्यंत उतार, मग अगदी सौम्य, कळेल न कळेल असा चढ, एकही जिना नाही. सासू-सासरे गप्पा मारत येतील. सोमवार मात्र टाळा, लॉज सोमवारी बंद असतो, आणि राज्य संग्रहालयपण.

लॉज ही हेन्री अर्विन या आर्किटेक्टने केलेली वास्तू, १८८८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तिथे राहायला आला. शिमला उन्हाळी राजधानी झालं १८६४ साली, म्हणजे दरवर्षी हिंदुस्थानचं सरकार फायलींसकट कलकत्त्याहून इथे चढायचं. आज तिथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी आहे, १९६५ पासून, आणि तिकीट काढून गाइडबरोबरच आत सोडतात, थोडाच भाग दाखवतात. तो थोडा भाग नीट बघा. भिंती-छताला बर्मा टीक आणि अक्रोडाचं लाकूड आहे, आणि इतक्या लाकडाला आग लागली तर काय म्हणून छताशी पाण्याच्या नळांची तोंडं मेणाने बंद करून ठेवलेली, उष्णता वाढली की मेण वितळणार आणि पाणी सुटणार. वीज पहिल्यापासून होती. १९४५ ची सिमला परिषद इथेच झाली आणि फिसकटली, आणि मे १९४७ मध्ये माउंटबॅटननी फाळणीचा पहिला मसुदा नेहरूंना दाखवला तोही शिमल्यातच, नेहरू भडकले आणि मसुदा नव्याने लिहायला लागला. बाहेरच्या हिरवळीवर फोटो काढण्यात लोक अर्धा तास घालवतात, त्यांना एवढंच सांगते की त्या हिरवळीखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत. शिमल्यात पाण्याची बोंब पहिल्यापासूनची, २०१८ च्या उन्हाळ्यात तर आठवडाभर नळाला पाणी नाही म्हणून लोक रस्त्यावर आले होते.

ती मेणाची गोष्ट डोक्यात ठेवा कारण पुढचा सगळा रस्ता म्हणजे काय जळलं आणि काय टिकलं याचीच यादी आहे.

उतरून चौडा मैदानाला आलात की सेसिल हॉटेल लागतं. मोहनसिंग ओबेरॉय १९२२ मध्ये इथे कारकून म्हणून लागले होते, पुढे अख्खी ओबेरॉय कंपनी उभी राहिली. जवळच वरच्या अंगाला पीटरहॉफ. लॉज बांधायच्या आधी व्हाइसरॉय इथे राहायचे, आणि स्वातंत्र्यानंतर पूर्व पंजाबचं हायकोर्ट इथे भरायचं. गांधीहत्येच्या खटल्यातलं अपील इथेच चाललं, नथुराम गोडसेने स्वतःची बाजू स्वतः मांडली ती इथे, आणि २१ जून १९४९ ला निकाल लागला, ज्यात डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या सुटले. मराठी माणसं हे ऐकून एकदम गप्प होतात किंवा वाद घालायला लागतात, मधलं काही नसतं. पण वर चढून जाऊ नका. ती इमारत १९८१ ला जळून गेली, आत्ताचं पीटरहॉफ म्हणजे नंतर बांधलेलं सरकारी हॉटेल आहे, चढ वाया जातो. त्यापेक्षा तेवढा दम राज्य संग्रहालयाच्या टेकडीसाठी ठेवा, पहाडी मिनिएचर चित्रं बघायची आवड असेल तर. नसेल तर सरळ पुढे चला, कोणी रागावत नाही.

पुढे विधानसभा, म्हणजे जुनं कौन्सिल चेंबर. ऑगस्ट १९२५ मध्ये ही इमारत नवीकोरी असताना इथे केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद भूषवलेले विठ्ठलभाई पटेल अवघ्या दोन मतांनी निवडून आले, त्या खुर्चीवर बसलेले पहिले निवडून आलेले भारतीय गृहस्थ. बाहेरूनच बघायचं, पोलिस असतात, फोटोला हात घालण्याआधी विचारा. पुढेही लष्कराच्या इमारती आहेत, तिथेही तेच.

मग गॉर्टन कॅसल, आता एजी ऑफिस म्हणजे महालेखापालांची कचेरी, भलंमोठं, दगडाचं, जयपूरला नाव काढलेल्या स्विंटन जेकबचं काम. जानेवारी २०१४ मध्ये याचा वरचा भाग जळाला. आणि तिथून थोडंच पुढे माझी या रस्त्यावरची सगळ्यात लाडकी इमारत, जिच्यापुढून नव्वद टक्के टुरिस्ट मान वर न करता निघून जातात: रेल्वे बोर्ड बिल्डिंग. दिसायला काही खास नाही, लोखंडी सांगाडा, थरावर थर गॅलऱ्या, कारखान्यासारखी. १८९६-९७ मध्ये बांधली ती मुद्दाम बिडाची आणि पोलादाची, आगीला आणि भूकंपाला तोंड देता यावं म्हणून, आणि काम केलं मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने, हो, आपल्या भायखळ्याचीच. विचार करा, तेव्हा काल्का-शिमला रेल्वे झालेली नव्हती, ती आली १९०३ मध्ये, म्हणजे हे वजनदार लोखंड गाडीरस्त्याने वर चढवलंय. फेब्रुवारी २००१ मध्ये इथेही आग लागली, वरच्या भागाचं नुकसान झालं, पण इमारत उभी राहिली. त्यासमोर दोन मिनिटं थांबा. प्लीज.

त्यानंतर बँटनी कॅसल, जीपीओ आणि मग स्कँडल पॉइंट, जिथे मॉल आणि रिज एकमेकांना भेटतात. पतियाळाच्या महाराजाने व्हाइसरॉयच्या मुलीला इथून पळवलं वगैरे कथा तुम्हाला प्रत्येक गाइड सांगेल, ऐका आणि सोडून द्या. त्यापेक्षा लाला लजपतराय यांचा पुतळा बघा. तो आधी लाहोरला होता, फाळणीनंतर १९४८ मध्ये इथे आणून बसवला. जवळच मॉलवर इंडियन कॉफी हाउस आहे, पुण्या-मुंबईतल्या जुन्या कॅफेत बसणाऱ्यांना तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं, वेटर फेट्यात, कोपऱ्यात वकील आणि रिटायर्ड मंडळी राजकारण मिटवत बसलेली. पहिल्या दिवशी दुपारी इथे पाय पसरा आणि मग हॉटेलवर जाऊन झोपा. २२०० मीटरवर पहिल्या दिवशी थोडं धापायला होतंच, वयाचा संबंध नाही, तरुण मुलंही धापतात, फक्त सांगत नाहीत.

संध्याकाळी रिज. हे शहराचं अंगण, आणि डोंगराची धारही. एका अंगाला पडलेलं पाणी सतलजमधून सिंधूला आणि अरबी समुद्राला, दुसऱ्या अंगाचं गिरी नदीतून यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला. मुलांना हे सांगितलं की ती दोन्हीकडे पाणी ओतून बघतात. ज्या फरशीवर सगळे आइस्क्रीम खात फिरतात तिच्या पोटात शहराची मोठी पाण्याची टाकी आहे, इंग्रजांनी बांधलेली, म्हणून रिजवर अवजड वाहनं नकोत असं वारंवार म्हटलं जातं. पूर्व टोकाला ख्राइस्ट चर्च, १८५७ मध्ये पूर्ण झालं, आरेखन कर्नल बॉयलोचं. आतल्या रंगीत काचेच्या मोठ्या खिडकीभोवतालचं भित्तिचित्र लॉकवुड किपलिंगने आखलं होतं, तेच ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे, रुडयार्डचे वडील. चित्र आता दिसत नाही, खिडकी दिसते, चर्च उघडं असेल तर आत जा, शांत बसा. खाली मॉलवर गेइटी थिएटर, १८८७ चं, तेही अर्विनचंच. मूळ इमारतीचे वरचे मजले धोकादायक म्हणून पुढे उतरवले, पण आतलं नाटकगृह छोटंसं, घोड्याच्या नालेसारखं, अजून चालू. नाटकवेड्या मराठी माणसाने हे चुकवलं तर मला वाईट वाटतं. तिकीट काढून आत दाखवतात, आणि प्रयोग असेल तर सोन्याहून पिवळं.

आता लोअर बाजार. यासाठी दुसऱ्या दिवशीची दुपार ठेवा. इथे गुडघ्याचं एक साधं गणित आहे जे सगळे उलटं करतात. मॉल आणि कार्ट रोडच्या मध्ये पर्यटन महामंडळाची लिफ्ट आहे, दोन टप्प्यांची, आणि लोक काय करतात तर पायऱ्या उतरत खाली जातात आणि लिफ्टने वर येतात, कारण चढणं म्हणजे त्रास असं डोक्यात बसलेलं. दमा असेल तर बरोबर आहे. पण गुडघा दुखत असेल तर त्याला उतरणंच जास्त महागात पडतं. तेव्हा सासऱ्यांना लिफ्टने खाली न्या, आणि मग लोअर बाजार, मिडल बाजार असं दर थराला थांबत, दुकानं बघत सावकाश वर चढवा. हातात काठी, आणि कठड्याची बाजू त्यांना द्यायची.

आणि खरं शहर हेच आहे हो. वरचा मॉल साहेबांसाठी, संध्याकाळी त्यांच्या फिरण्याच्या वेळेला तिथे हमाल आणि साध्या कपड्यातली माणसं नकोत असा कारभार होता, आणि ज्यांच्या जिवावर ते सगळं चालायचं ते कारकून, दुकानदार, शिंपी, हलवाई सगळे खाली या बाजारात. अजूनही धान्य, भांडी, लोकर, मसाले, लग्नाचे हार इथेच. मधल्या पायऱ्यांच्या गल्लीत एखाद्या जुन्या भिंतीचा गिलावा पडलेला दिसला की थांबून आत बघा. लाकडाच्या पट्ट्यांची चौकट, त्यात तिरक्या पट्ट्या, आणि मधल्या तिकोनी खणांत नुसते दगडगोटे आणि माती दाबून भरलेली. याला धज्जी म्हणतात. बघून वाटतं हे पडलं कसं नाही अजून, पण भूकंपात ही भिंत हलते, करकरते, माती थोडी गळते आणि उभी राहते, दगडगोटे आपापल्या खणात अडकून राहतात. त्याच्याच शेजारी सिमेंटचे सहा-सात मजली डबे उतारावर उभे आहेत, ते बघून काय वाटायचं ते वाटू द्या. खायला गरम गुलाबजाम आणि जिलबी कुठल्याही गर्दीच्या हलवायाकडे, आणि सिड्डू मिळाला तर नक्की, गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा वाफवलेला, वर तूप. सासूबाईंना आवडेल, गॅरंटी.

दुसऱ्या दिवशीची सकाळ जाखूची. रिजवरून मंदिरापर्यंत साधारण अडीचशे मीटरची चढाई आहे, टोक २४५५ मीटरवर, अंतर दोनेक किलोमीटर पण छातीवरचं. सिंहगड नेहमी चढणाऱ्याला काहीच नाही, आणि न चढणाऱ्याला पुष्कळ. सासू-सासरे रोपवेने जाऊ देत आणि रोपवेनेच परत येऊ देत, तुम्ही दोघं सातच्या आत चालत निघा, देवदारातून ऊन तिरकं येतं तेव्हा. वर १०८ फुटी मारुती आहे, २०१० मध्ये उभारलेला, आणि त्याची सेना तुमच्या चष्म्यावर टपलेली. हे गमतीत घेऊ नका. माकडं चष्मा ओढतात, मग प्रसादाचं पाकीट दिल्यावर टाकतात, बऱ्याचदा काच फुटलेली असते. चष्मा खिशात घालून चेन लावा, आणि चष्म्याशिवाय दिसत नसेल तर शेवटचा टप्पा कोणाचा तरी हात धरून. काठी भाड्याने मिळते, उगारायची नाही, नुसती दिसली पाहिजे.

उतरताना घाई नसेल तर जाखूच्या पोटाला वळसा घालणारा जंगलातला रस्ता धरा. याच डोंगरावर रॉथनी कॅसल आहे, अ‍ॅलन ह्यूमचं घर. काँग्रेसचा संस्थापक म्हणून शाळेत एका ओळीत संपवलेला हा माणूस पक्ष्यांचा वेडा होता, घरात हजारो नमुन्यांचा संग्रह. त्याने वर्षानुवर्षं लिहिलेली पक्ष्यांवरची बाडं नोकराने बाजारात रद्दीत विकून टाकली. ह्यूमचं मन उडालं आणि सगळा संग्रह त्याने १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्याला ठरलेलं पहिलं अधिवेशन कॉलऱ्यामुळे मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवलं गेलं. घर खाजगी आहे, फाटकाबाहेरूनच बघा.

कुफ्रीचं काय, तर माझं स्पष्ट मत, मे महिन्यात चिखलातल्या घोड्यावर बसून बर्फ नसलेला डोंगर बघण्यात दिवस घालवू नका. टूरवाला नाराज होईल, होऊ दे.

राहिलेलं किरकोळ. रबरी खाचांचे बूट, नवे नकोत. मॉलचा उतार पावसाने गुळगुळीत होतो, हिवाळ्यात तर पातळ बर्फावरून लोक सटासट पडतात. मेमध्येही दुपारी अचानक पाऊस-गारा येतात, पातळ जर्किन जवळ ठेवा. पुढच्या वेळी कोणी जुलै-ऑगस्टमध्ये जायचं म्हटलं तर नाही म्हणा, ऑगस्ट २०२३ मध्ये समरहिलला शिवमंदिरावर दरड कोसळून माणसं गेली आणि रेल्वेचे रूळ हवेत लोंबकळत राहिले. मार्च-एप्रिलमध्ये बुरांस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ आणि गर्दी कमी, जमलं तर तेव्हा परत या. स्वच्छतागृहं रिज आणि मॉलवर मिळतात, पण चौडा मैदान ते जीपीओ या पट्ट्यात भरवसा नाही, तेव्हा लॉजलाच जाऊन घ्या, सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. आणि परतीला काल्क्याची छोटी गाडी मिळत असेल तर तिकीट आत्ताच काढा, मेमध्ये आयत्या वेळी काही मिळत नाही. गाडीला वेळ बराच लागतो, शंभरेक बोगदे आहेत, काल्क्याहून पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये निदान तीन तास ठेवा.